डायबेटीसवाल्यांचं फॅटी लिव्हर आणि हार्ट: कुठली टेस्ट आधी, कुठली नंतर आणि कुठली गोळी बंद करायची नाही

सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर ग्रेड टू' लिहून आलं की लोकांचं पुढचं सगळं उलट्या क्रमाने सुरू होतं. आधी लिव्हर टॉनिकची बाटली, मग शेजाऱ्याने सांगितलेला काढा, मग 'लिव्हरवर लोड नको' म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी स्वतःच बंद, आणि हार्टची एकही टेस्ट नाही. मी गोव्यात फोंड्याला औषधांच्या दुकानात असतो, काउंटरवर हे रोजचं आहे, म्हणून एकदा सगळं क्रमाने लिहून टाकतो.

आधी एवढंच लक्षात घ्या. टाइप टू डायबेटीस असलेल्या निम्म्याहून जास्त लोकांना फॅटी लिव्हर असतं, आणि अशी माणसं सगळ्यात जास्त जातात ती हार्टच्या आजाराने, लिव्हर फेल होऊन जाणारे त्यामानाने कमी. म्हणजे लिव्हरचा रिपोर्ट हातात आला की हार्टची फाइल उघडायची. मी डॉक्टर नाही, डोस वाढवणं-कमी करणं तुमच्या डॉक्टरांचं काम, पण त्यांच्याकडे जाताना काय घेऊन जायचं आणि काय विचारायचं हे तुम्हाला माहीत असलं की त्या दहा मिनिटांत बरंच काम होतं.

लिव्हर बिघडलं तर हार्टला का लागतं

हे थोडक्यात, कारण पुढची प्रत्येक पायरी यावर आहे. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की पोटाच्या चरबीतून फॅट सतत लिव्हरकडे येत राहतं, लिव्हर काही साठवतं आणि बाकीचं ट्रायग्लिसराइड करून रक्तात सोडतं. त्यामुळे ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) वर, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) खाली आणि एलडीएलचे (वाईट कोलेस्टेरॉलचे) कण बारीक आणि संख्येने जास्त, जे रक्तवाहिनीच्या भिंतीत सहज शिरतात. रात्री काहीच खाल्लं नाही तरी सकाळची शुगर १६० कशी, असं विचारणारे खूप, ती शुगर रात्रभर लिव्हरनेच सोडलेली असते. शिवाय सुजलेलं लिव्हर रक्त गोठवणारी आणि सूज वाढवणारी प्रोटीन जास्त बनवतं. या सगळ्यातून हार्ट अटॅकचा धोका वाढतोच, पण हार्टचा स्नायू कडक होऊन दम लागणं आणि ठोके अनियमित पडणं हेही वाढतं, ज्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

आणि खरा फरक पडतो तो लिव्हरमध्ये किती चरबी आहे यापेक्षा किती व्रण धरलेत यावर, ज्याला फायब्रोसिस म्हणतात. सोनोग्राफीतली ग्रेड चरबी सांगते, फायब्रोसिस सांगत नाही. ग्रेड वन वाल्याला जास्त फायब्रोसिस असू शकतो आणि ग्रेड थ्री वाल्याला नसू शकतो. म्हणून 'ग्रेड वनच आहे, काही नाही' ही पहिली चूक.

१. जुने रिपोर्ट आणि औषधांची खरी यादी

नवीन टेस्ट करायच्या आधी घरातले गेल्या दोन वर्षांचे कागद काढा. सीबीसी (त्यातले प्लेटलेट्स हवेत), एसजीओटी आणि एसजीपीटी (लिव्हरची एन्झाइम), लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची टेस्ट), एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट), लघवीची टेस्ट आणि सोनोग्राफी असेल तर ती. तारखेप्रमाणे लावा. एका रिपोर्टपेक्षा तीन रिपोर्टमधला कल जास्त बोलतो, प्लेटलेट्स २.६ लाख, मग २.१, मग १.६ असे उतरत आले असतील तर तिन्ही वेळा लॅबने 'नॉर्मल' लिहिलेलं असलं तरी डॉक्टरांना ते दाखवायलाच हवं.

मग औषधं. यादीत फक्त डॉक्टरांनी दिलेली लिहू नका. गुडघ्यासाठी घेतलेली डायक्लोफेनॅक, जिमची पावडर, शुगरसाठी कुणीतरी दिलेलं चूर्ण, सकाळचा काढा, सगळं लिहा. गुळवेलीचा काढा कोविडच्या काळात घरोघरी सुरू झाला आणि त्यातून लिव्हरला सूज आलेल्या केसेस भारतातल्या डॉक्टरांनी नोंदवल्या आहेत, तरी अजून लोक 'आयुर्वेदिक आहे, काय होणार' म्हणून वर्षानुवर्षे पितात आणि डॉक्टरांना सांगत नाहीत.

कुटुंबात कुणाला कमी वयात हार्ट अटॅक आलाय का तेही लिहा, वडील-भाऊ असेल तर ५५ च्या आत, आई-बहीण असेल तर ६५ च्या आत.

कंबर मोजा. बेंबीच्या खाली बेल्ट बांधतात तिथे नाही, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता. आपल्या लोकांसाठी पुरुषांना ९० सेंटीमीटर आणि बायकांना ८० ही रेषा धरतात.

> तपासा: हेपटायटिस बी आणि सीची टेस्ट आयुष्यात एकदा तरी झाली आहे का? नसेल तर या वेळी करून घ्या. सगळी लिव्हरची तक्रार फॅटीच असते असं नाही.

२. रक्त द्यायचा दिवस नीट निवडा

चुकीच्या दिवशी दिलेल्या रक्ताने पुढचा सगळा हिशोब चुकतो, आणि आपल्याकडे गोव्यात त्याच्या तीन खास जागा आहेत.

पहिली पावसाळा. जून-जुलैनंतर डेंग्यू, लेप्टो, साधे व्हायरल ताप चालूच असतात. डेंग्यूत प्लेटलेट्स पडतात आणि एसजीओटी चढतं, म्हणजे पुढच्या पायरीतला आकडा एकदम भयंकर येतो आणि घरात रडारड. ताप येऊन गेला असेल तर तीन-चार आठवडे थांबा, पूर्ण बरं वाटल्यावर द्या.

दुसरी अंगमेहनत. लावणी करून आलात, सुपारीच्या बागेत दिवसभर ओझी उचललीत किंवा जिममध्ये नवीन ट्रेनरने पायांचा जबर व्यायाम करून घेतला, तर स्नायूंमधून एसजीओटी रक्तात येतं आणि दोष लिव्हरवर जातो. आधीचे दोन-तीन दिवस जड काम टाळा, चालणं चालतं.

तिसरी श्रावण. ही मला सगळ्यात मोठी फसवणूक वाटते. आपल्याकडे बरीच घरं श्रावणात नुस्तं (मासे) बंद, दारू बंद पाळतात, आणि चतुर्थीच्या आधी चेकअप करून घेतात, कारण तेव्हा 'रिपोर्ट चांगले येतात'. येणारच! महिनाभर दारू नाही म्हटल्यावर ट्रायग्लिसराइड आणि एसजीओटी खाली येतात, आणि मग त्या कागदाच्या जोरावर दसऱ्यापासून परत सुरू. श्रावणातला रिपोर्ट खोटा नाही, उलट दारू सोडली की काय होतं ते तो दाखवतो, पण वर्षाचे बाकीचे महिने कसे जातात ते बघायचं असेल तर एप्रिल-मेमध्येही एकदा रक्त द्या, हुर्राकच्या (काजूच्या हलक्या दारूच्या) सीझनमध्ये. तेव्हाचा कागद खरा.

१० ते १२ तास उपाशी, पाणी चालेल, चहा नको, दूध-साखर नसलेलाही नको. आदल्या दिवशी दारू नाही. बीपीची गोळी पाण्याबरोबर नेहमीच्या वेळी घ्या. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन मात्र रक्त देऊन नाश्त्याच्या वेळी, आणि नेमकं कसं ते डॉक्टरांना आधी विचारून ठेवा.

> सावधान: ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी लॅबच्या रांगेत उभं राहू नका. शुगर पडून चक्कर येते.

३. फिब-फोर काढा, घरी, कॅल्क्युलेटरवर

फिब-फोर म्हणजे लिव्हरमध्ये फायब्रोसिस किती असेल याचा अंदाज देणारा आकडा. ही टेस्ट वेगळी करावी लागत नाही, पैसे लागत नाहीत, आणि तरी बहुतेकांच्या फाइलमध्ये ती नसते. चार आकडे हवेत: वय, एसजीओटी (म्हणजेच एएसटी), एसजीपीटी (म्हणजेच एएलटी) आणि प्लेटलेट्स.

हिशोब असा. वय गुणिले एसजीओटी, हे वर. प्लेटलेट्स गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ, हे खाली. वरच्याला खालच्याने भागा.

उदाहरण घ्या. वय ५६, एसजीओटी ४८, एसजीपीटी ५२, प्लेटलेट्स १.९ लाख. ५६ गुणिले ४८ म्हणजे २६८८. ५२ चं वर्गमूळ ७.२१, गुणिले १९० म्हणजे साधारण १३७०. भागाकार १.९६.

इथे दोन चुका कायम होतात. एक, प्लेटलेट्स १.९ किंवा १,९०,००० टाकणं, तिथे हजारात म्हणजे १९० टाकायचे असतात. उत्तर शंभराच्या वर किंवा शून्याच्या जवळ आलं तर हेच झालंय. दुसरी, एसजीओटी आणि एसजीपीटीची अदलाबदल. ही पकडता येत नाही कारण उत्तर बरोबर असल्यासारखंच दिसतं, वरच्या उदाहरणात अदलाबदल केली तर २.२१ येतं. ऑनलाइन कॅल्क्युलेटर वापरलात तरी याच दोन जागी चुकायला होतं.

आता अर्थ. १.३ च्या खाली असेल तर मोठा फायब्रोसिस असण्याची शक्यता कमी. १.३ ते २.६७ म्हणजे मधलं, पुढची टेस्ट हवी. २.६७ च्या वर म्हणजे लिव्हरच्या स्पेशालिस्टकडे जायचं, टाळाटाळ नको. वय ६५ च्या पुढे असेल तर खालची रेषा १.३ ऐवजी २.० धरतात कारण वय स्वतःच आकडा फुगवतं, आणि ३५ च्या आतल्यांसाठी हा हिशोब भरवशाचा नाही.

'माझं एसजीपीटी नॉर्मल आहे, मला हे कशाला' म्हणणाऱ्यांसाठी दुसरं उदाहरण. वय ६२, एसजीओटी ३४, एसजीपीटी २५, प्लेटलेट्स १.५ लाख. बहुतेक लॅबच्या कागदावर यातल्या एकाही आकड्यापुढे लाल खूण येणार नाही. हिशोब करा: ६२ गुणिले ३४ म्हणजे २१०८, भागिले १५० गुणिले ५ म्हणजे ७५०. उत्तर २.८१. सगळं नॉर्मल आणि तरी धोक्याच्या रेषेच्या वर. याचा अर्थ फायब्रोसिस आहेच असा नाही, पण बघायला हवं हे नक्की.

> तपासा: प्लेटलेट्स अचानक खूप कमी आले आणि तापबीप काही नाही, तर लॅबला विचारा की स्लाइडखाली बघितलं का. नळीत प्लेटलेट्सचे गुच्छ झाले तर मशीन कमी मोजतं.

४. फायब्रोस्कॅन, गरज असेल तरच

फिब-फोर १.३ च्या वर (वय ६५ च्या पुढे असेल तर २.० च्या वर) असेल तर ही टेस्ट, नाहीतर सध्या पैसे वाचवा. बरगड्यांवर प्रोब ठेवून लिव्हर किती कडक झालंय ते मोजतात, दुखत नाही, पंधरा मिनिटांचं काम. किमान ३ तास उपाशी जा, जेवून गेलात तर लिव्हरकडे रक्त वाढलेलं असतं आणि आकडा उगाच जास्त येतो.

कागदावर दोन आकडे येतात. किलोपास्कलमधला कडकपणा सांगतो, तो महत्त्वाचा. ८ च्या खाली असेल तर बरं, ८ ते १२ मधलं, १२ च्या वर म्हणजे गंभीर. दुसरा, कॅप नावाचा, २५०-३०० असा मोठा असतो, तो चरबी सांगतो. लोक मोठा आकडा बघून घाबरतात आणि खऱ्या आकड्याकडे बघतच नाहीत.

हार्ट फेल्युअरमुळे लिव्हरमध्ये रक्त तुंबलं असेल तरी हा आकडा वाढतो. त्यामुळे पायाला सूज, दम लागतो असं असेल तर टेस्ट करणाऱ्याला आधी सांगा.

५. आता हार्ट, इथेच लोक गळतात

लिव्हरचं कळलं की लोक समजतात काम झालं. खरं काम आता आहे. फिब-फोर १.३ च्या खाली आला असला तरीही ही पायरी सोडायची नाही, कारण डायबेटीस आणि फॅटी लिव्हर एकत्र म्हणजे हार्टचा धोका आधीच वर.

बीपी घरी मोजा, आठवडाभर. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकवून, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला टेबलावर, सकाळी दोन वेळा आणि संध्याकाळी दोन वेळा. दंड जाड असेल तर मोठा पट्टा लागतो, छोट्या पट्ट्याने बीपी जास्त दिसतं. पहिल्या दिवसाचे आकडे सोडा, बाकीच्यांची सरासरी काढा. बहुतेक डायबेटीसवाल्यांसाठी १३० आणि ८० च्या खाली हवं. बोलत बोलत, चहा पिऊन लगेच किंवा लघवी अडवून मोजलेलं बीपी धरू नका.

लिपिडमध्ये एलडीएल बघा, आणि लॅबच्या 'नॉर्मल १०० पर्यंत' वर जाऊ नका. डायबेटीसबरोबर आणखी धोके असतील तर डॉक्टर साधारण ७० च्या खाली आणतात, आधी अटॅक किंवा अँजिओप्लास्टी झाली असेल तर ५५ च्या खाली. फॅटी लिव्हरमध्ये आणखी एक गंमत आहे, एलडीएल ९० दिसतं आणि कणांची संख्या मात्र भरपूर असते, म्हणून ट्रायग्लिसराइड जास्त असतील तर एपोबी ही कण मोजणारी टेस्ट करावी का ते विचारा. लायपोप्रोटीन ए, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या आणखी एका कणाची टेस्ट, आयुष्यात एकदा केली की पुरते. ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर असतील तर हार्टच्या आधी स्वादुपिंडाला धोका, त्यात वाट बघायची नाही.

लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, ३० च्या खाली हवं. किडनीची टेस्ट म्हणून लोक ती टाळतात, पण ती हार्टचाही धोका सांगते आणि खूप आधी सांगते.

ईसीजी करा, पण एवढ्यावर थांबू नका. ईसीजी नॉर्मल असणं म्हणजे नळ्या मोकळ्या असणं असं अजिबात नाही. इकोत, म्हणजे हार्टच्या सोनोग्राफीतही असाच घोळ आहे. लोक इजेक्शन फ्रॅक्शन (एका ठोक्यात हार्ट किती टक्के रक्त बाहेर टाकतं) ६० टक्के बघून खूश होतात, पण फॅटी लिव्हर आणि डायबेटीसवाल्यांत जो त्रास जास्त दिसतो त्यात हार्ट आकसतं बरोबर, सैल होत नाही, आणि इजेक्शन फ्रॅक्शन नॉर्मलच असतं. म्हणून मंगेशीच्या पायऱ्या पूर्वी न थांबता चढत होता आणि आता मध्ये थांबावं लागतं, किंवा रात्री दोन उश्या लागतात, असं काही असेल तर 'वय झालं' म्हणून सोडू नका. डॉक्टरांना सांगा आणि एनटी-प्रोबीएनपी ही हार्टवरचा ताण सांगणारी रक्ताची टेस्ट हवी का विचारा, १२५ च्या वर असेल तर पुढे बघतात. जाड माणसात हा आकडा कमी दिसतो हेही त्यांना माहीत असतं.

डायबेटीसमध्ये छातीत दुखल्याशिवायही अटॅक येतो, नुसता घाम, मळमळ, अचानक दम, जबडा किंवा हात दुखणं, एवढ्यावरही. गॅस समजून सोडा पिऊन झोपणारे मी खूप बघितलेत.

> सावधान: असं काही १०-१५ मिनिटं राहिलं तर १०८ ला फोन करा किंवा जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात जा. स्टेमी (मोठा हार्ट अटॅक) गोवा प्रोजेक्टमध्ये तालुक्याच्या केंद्रांवर ईसीजी काढून बांबोळीच्या गोमेकोतल्या (गोवा मेडिकल कॉलेजमधल्या) डॉक्टरांना पाठवायची सोय केलेली आहे. स्वतः स्कूटर चालवत बांबोळी गाठायला निघू नका.

६. औषधं: बंद करायच्या आधी हे वाचा

स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या गोळ्या, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन वगैरे. फॅटी लिव्हरमध्ये ती सुरक्षित आहेत, एसजीपीटी थोडं वाढलेलं असलं तरी. नॉर्मलच्या तिपटीपेक्षा जास्त असेल तर डॉक्टर कारण शोधतात आणि मग ठरवतात, आणि पोटात पाणी, कावीळ अशी सिरोसिसची (व्रणांनी लिव्हर पार कडक होण्याची) पुढची पायरी असेल तर वेगळा विचार करतात. बाकीच्यांनी लिव्हरच्या नावाने स्टॅटिन बंद करणं म्हणजे ज्या अटॅकची भीती आहे त्यालाच दार उघडून देणं. कागदाच्या पुड्यातल्या माहितीत 'लिव्हर' हा शब्द वाचून सोडलेली गोळी मी सगळ्यात जास्त हीच बघितली आहे.

मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीने लिव्हर खराब होत नाही. पुढच्या टप्प्यातला सिरोसिस किंवा किडनी फार कमी चालत असेल तर डॉक्टर थांबवतात.

पायोग्लिटाझोन ही शुगरची गोळी लिव्हरला उपयोगी पडते, स्वस्तही आहे, पण अंगात पाणी धरते आणि हार्ट फेल्युअर असलेल्याला द्यायची नसते. म्हणजे लिव्हरसाठी चांगली ती हार्टसाठी वाईट असा प्रकार, आणि लिव्हरचा डॉक्टर वेगळा, शुगरचा वेगळा, हार्टचा तिसराच असेल तर नेमकं इथेच फसतं. ही चालू असताना पाय सुजले किंवा आठवड्यात दोन-तीन किलो वजन चढलं तर लगेच कळवा.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळ्यांचा हार्ट फेल्युअर आणि किडनीला फायदा चांगला सिद्ध झालाय, आणि आता स्वस्त कंपन्यांच्याही मिळतात. मात्र उलटी-जुलाब, निर्जळी एकादशी किंवा ऑपरेशन असेल तेव्हा थांबवायची असतात, कधी आणि किती दिवस ते आधीच विचारून ठेवा. लघवीच्या जागी खाज आली तर लाजून लपवू नका.

आठवड्याच्या इंजेक्शनांबद्दल सगळेच विचारतात. सेमाग्लुटाइडने वजन, शुगर आणि हार्ट तिन्हीकडे फायदा दिसलाय, आणि अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये फायब्रोसिस असलेल्या फॅटी लिव्हरसाठीही त्याला परवानगी मिळाली. पण मित्राने घेतलं म्हणून चिठ्ठीशिवाय मागू नका. सारोग्लिटाझार भारतात लिव्हरसाठी देतात, ट्रायग्लिसराइडवर चालते, तेही डॉक्टर ठरवतील.

लिव्हर टॉनिकने फायब्रोसिस कमी होतो याला भक्कम पुरावा नाही, माझ्या दुकानात विकायला असलं तरी हे सांगतो. दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन रोज घेणं हार्ट, किडनी, लिव्हर तिघांनाही वाईट. पॅरासिटामॉल त्यापेक्षा बरी, लिव्हर खराब असेल तर दिवसाला २ ग्रॅमच्या आत, म्हणजे ५०० च्या चार गोळ्या.

> तपासा: तिन्ही डॉक्टरांकडे तीच एक यादी जाते का? मोबाइलमध्ये फोटो ठेवा.

७. दारू पेगमध्ये नाही, ग्रॅममध्ये मोजा

'मी फक्त दोन घेतो' यातून काहीच कळत नाही. मिलीलीटर गुणिले टक्के, भागिले १००, गुणिले ०.७९, हा ग्रॅमचा हिशोब. ४२.८ टक्क्यांची फेणी ६० मिली म्हणजे साधारण २० ग्रॅम. ६५० मिलीची ५ टक्क्यांची बियर म्हणजे २५-२६ ग्रॅम, आणि तीच ८ टक्क्यांची स्ट्राँग घेतली तर ४१. हुर्राक हलका म्हणून लोक लिमका घालून पाण्यासारखा पितात, १५ टक्क्यांच्या आसपास धरला तर १८० मिलीत २१ ग्रॅम, आणि लिमक्याची साखर वेगळी. घरगुती गाळलेल्याचे टक्के तर कुणालाच माहीत नसतात.

बायकांना दिवसाला २० आणि पुरुषांना ३० ग्रॅमच्या वर गेलं की डॉक्टर लिव्हरच्या बिघाडात दारूचाही वाटा धरतात. त्याच्या खाली म्हणजे सुरक्षित असा अर्थ काढू नका, डायबेटीस असताना थोडी दारूही फायब्रोसिसला हातभार लावते. फायब्रोस्कॅन ८ च्या वर असेल तर पूर्ण बंद, इथे मी घासाघीस ऐकत नाही. रोज बरीच पिणाऱ्याने मात्र एकदम न सोडता डॉक्टरांना सांगून सोडायची, हात कापणं, भ्रम, फिट असं होऊ शकतं.

उपाशीपोटी दारू आणि ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन एकत्र झालं की रात्री शुगर पडते, आणि घरचे 'चढलीय' समजून झोपू देतात.

नीरो (काजूच्या बोंडांचा ताजा रस) दारू नाही म्हणून डायबेटीसवाला ग्लासभर पितो, तो सरळ गोड रस आहे.

८. ताट आणि वजन

वजन ५ टक्के उतरलं की लिव्हरची चरबी कमी व्हायला लागते, ७ ते १० टक्क्यांत सूज, १० च्या वर फायब्रोसिसही मागे येऊ शकतो. ८० किलोच्या माणसाला ४ किलोपासून फरक, म्हणजे अशक्य काही नाही. पण महिन्यात दहा किलो उतरवणारे उपाशी प्रकार करू नका.

शीत-कढी (भात आणि माशांचं कालवण) सोडायची गरज नाही, शिताचा डोंगर लहान करा. उकडे तांदूळ चालतात पण 'उकडे आहेत' म्हणून दुप्पट घेतले तर काय उपयोग. आधी भाजी आणि नुस्तं, मग शीत. बांगडा आणि तारले हार्टला चांगले, पण कढीत किंवा तव्यावर थोड्या तेलात, रव्यात घोळून तळून रोज नाही. वाटणाला घरात पाच जणांना मिळून अर्धा नारळ पुरतो, आणि खोबरेल तेलाने एलडीएल वाढतं हे नारळावर कितीही प्रेम असलं तरी खरं आहे. सकाळी भाजी-पाव आणि गोड चहा, चारला परत मिर्ची-पाव, यात दिवसाचा अर्धा मैदा गेला. त्यातला एक तरी वेळ बदला.

पावसाळ्यात पुरुमेंताचं (पावसासाठी आधी साठवून ठेवलेलं) काढताना मिठाकडे बघा. सुकं नुस्तं, खारातली तोरं (छोट्या कैऱ्या), मिस्कूट (कैरीचं लोणचं), पापड, एकाच ताटात चारही, आणि मग बीपी का वाढलं विचारतात. पाय सुजत असतील किंवा पोटात पाणी असेल तर हे सगळं बंदच.

साखर नसलेली काळी कॉफी लिव्हरला बरी, दोन कप चालतात. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं आणि दोन दिवस हातापायांची ताकद लागणारे व्यायाम. छातीत जड वाटत असेल किंवा चालताना दम लागत असेल तर आधी हार्ट तपासा, मग व्यायाम वाढवा.

९. परत कधी बघायचं

फिब-फोर कमी आला असेल तर दर एक-दोन वर्षांनी, जास्त असेल तर स्पेशालिस्ट सांगेल तसं. औषध बदललं की लिपिड साधारण ४ ते १२ आठवड्यांनी, एचबीएवनसी तीन महिन्यांनी. दर आठवड्याला एसजीपीटी करून काही होत नाही, नुसती धाकधूक.

एक उलटी गोष्ट सांगून ठेवतो कारण इथे लोक पेढे वाटतात. फायब्रोसिस असलेल्या माणसाचं कोलेस्टेरॉल, बीपी आणि शुगर औषध न वाढवता, खाणं न बदलता आपोआप खाली यायला लागलं, वजन हातापायांतून उतरतंय आणि पोट मात्र तसंच किंवा मोठं, तर ती सुधारणा नसून लिव्हरचं काम बंद पडत चाललेलं असू शकतं. सिरोसिसमध्ये एचबीएवनसीही खोटं कमी दाखवतं. गोळ्या कमी करायच्या आनंदात राहू नका, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. आणि रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच (लोहाच्या गोळ्या चालू नसताना), डोळे पिवळे, पोट फुगणं, किंवा माणूस दिवसा झोपतोय, रात्री जागतोय आणि बोलण्यात गोंधळ होतोय, यातलं काहीही दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट कॅज्युअल्टी, आणि औषधांची ती यादी बरोबर.